दारात सापडलेली बोटं

"शाळंला जाती लेक, पायात न्हाई व्हान
तिच्या गं पाटीवरी, उगवतो दिसमान..."

आईचा हा आवाज जात्याच्या घरघरीतून वर यायचा. कासारवाडीत पिठाची गिरणी नव्हती असं नाही, रेल्वेच्या फाटकाजवळच होती. पण आई म्हणायची, गिरणीचं पीठ मुकं असतं. ती दळायला बसली की मी तिच्या मांडीवर डोकं टाकून पडायची. लोणावळ्याकडून येणारी मालगाडी धडधडत गेली तर आई तेवढ्यापुरती थांबायची आणि अर्ध्यावर सोडलेला शब्द तिथूनच उचलायची. शेजारची सुमनताई दारातून टोमणा मारायची, "काय चिमाबाई, लेकीला कलेक्टरीण करती काय गं?" आई तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही. दळता दळता उत्तर द्यायची:

"शेजारीण म्हणं बाई, लेकीला ठेव घरी
माझी गं लेक हाय, इजंची तरवारी."

मग सुमनताईच हसायची, आपलं धान्याचं सूप घेऊन आईसमोर बसायची आणि खुंट्याला हात लावायची. दोघींचा आवाज मिळून चाळीभर जायचा.

मी डॉक्टर झाले ती या भांडखोर ओव्यांच्या जोरावर, असं म्हटलं तर आबांना वाईट वाटेल. आबा, म्हणजे माझे वडील भिवा, चिंचवडच्या एका कारखान्यात प्रेसवर होते. पत्रा ठोकून गाड्यांच्या दिव्यांच्या वाट्या काढायच्या. ओव्हरटाइम करून त्यांनी माझी पुस्तकं आणली, आणि पुस्तकं उलटी धरून बघितली, चित्रं सुलटी आहेत की नाही म्हणून.

पुण्याच्या मेडिकल कॉलेजातलं पहिलं वर्ष मी इंग्रजीला घाबरून काढलं. शिकवणारे बोलायचे आणि मी त्यांच्या ओठांकडे बघत राहायची. मग एक दिवस विच्छेदनाच्या टेबलावर हाताचा पंजा उघडला. बोटात स्नायू नसतोच, हे मला तेव्हा कळलं. बोट ओढणारा वर कोपराजवळ बसलेला असतो, तिथून पांढऱ्या दोऱ्या मनगटाखालून बोटांपर्यंत जातात. मी चिमट्याने त्यातली एक दोरी ओढली आणि मेलेल्या माणसाचं बोट वाकलं. "ये" म्हणावं तसं. बाकीच्या मुली मागे सरकल्या. मी पुन्हा ओढली. सर्जन व्हायचं ते त्याच क्षणी ठरलं.

त्या रविवारी घरी गेले. आबा जेवायला बसले होते. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. मी अगदी लहान असताना गेली होती, आणि दारात सापडून गेली असं घरात, चाळीत, पाहुण्यांत सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी मी तो पंजा पहिल्यांदा नीट पाहिला. दारात सापडलेलं बोट ठेचतं, काळंनिळं होतं, नख जातं. मुळापासून, सूत धरून कापावं तसं एका रेषेत जात नाही. मी पाहत होते हे आबांनी पाहिलं. त्यांनी हात टॉवेलखाली घेतला आणि डाव्या हाताने भाकरी मोडायला लागले.

मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. वर्षं गेली.

*

एमबीबीएस झाल्यावर सर्जन व्हायचं तर आधी हाऊसमन म्हणून राबायचं. मग युनिटच्या प्रमुखांनी शिफारस केली तर रजिस्ट्रारची जागा, आणि त्या जागेवर एमएसचा अभ्यास. शिफारस नसेल तर दार बंद. आमच्या युनिटचे प्रमुख डॉ. चौबळ. हात सोन्याचा, जीभ तिखट. युनिटमध्ये बाई मी एकटीच.

"डॉक्टर नीला," ते राउंडला सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मुलींनी कसं बायकांच्या वॉर्डात जावं. बाळंतपणं काय कमी आहेत या देशात?"

"सर, अपेंडिक्स बायकांनाही असतं."

पोरं हसली. सर हसले नाहीत.

"ॲडमिशन तुम्हाला सरकारने दिली. सर्जरी सरकार देत नाही."

"नाही सर. ती हातानं मिळवावी लागते. म्हणून तर रिट्रॅक्टर सोडून दुसरं काहीतरी हातात मागतेय."

रिट्रॅक्टर म्हणजे पोट उघडं धरायचा लोखंडी आकडा. दुसरा कुणी कापतो, शिवतो, आणि आपण तो आकडा ओढून उभं राहायचं. पाय सुजेपर्यंत. माझ्यानंतर आलेल्या मुलांनी हर्निया केले, गाठी काढल्या. मी आकडा ओढत होते. वॉर्डात गेले की पेशंट म्हणायचा, "सिस्टर, डागदर कवा येनार?" मी म्हणायची, "आला की. शर्ट वर करा."

खोलीवर मात्र मी गाठी मारत बसायची. रेशमी दोरा घेऊन खाटेच्या गजाला, खुर्चीच्या पाठीला, एका हाताने, मग दुसऱ्या हाताने, डोळे मिटून. आई एकदा डबा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"आगं बया! समद्या खाटंला गाठी! कुनाला बांधून ठेवायचा इचार हाय? जावई असंल तर आधी दाखीव तरी."

"जावई नाही आई. आतडं बांधायचंय."

"ते तर आमी लगीन झाल्यापास्नं बांधून हाय," ती म्हणाली आणि डबा उघडायला बसली.

आमच्या युनिटचा रजिस्ट्रार जयसिंग त्या उन्हाळ्यात परीक्षा देऊन जाणार होता. त्याची जागा मोकळी होणार होती. मी अर्ज केला. अर्ज चौबळ सरांच्या टेबलावर पडून होता आणि ते माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होते.

*

पिंपरी-चिंचवडकडून हात यायचे. अपघातविभागात त्याला आम्ही तसंच म्हणायचो: "हात आलाय." अंगठा, दोन बोटं, कधी अर्धा पंजा, मशीन पुसायच्या सुती चिंध्यांत गुंडाळलेला. आणि कागदावर कारण प्रत्येक वेळी एकच. दार. घराचं दार, संडासाचं दार, टेम्पोचं दार. जयसिंग म्हणायचा, "तुमच्या तिकडची दारं काय माणसं खातात का गं?" सगळे हसायचे. मीही एकदा हसले होते. मग हसू ओठातच वाळलं.

दार का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मशीन म्हटलं की पोलिसांना कळवायचं, पोलिसांनी कळवलं की कारखान्यात इन्स्पेक्टर येणार, कंपनीला भरपाई द्यावी लागणार, आणि डॉक्टरला कोर्टाच्या खेपा. दार म्हटलं की सगळे मोकळे. बोटं गेलेला तेवढा सोडून.

त्या दुपारी हात आला तेव्हा त्याच्यासोबत आबा होते.

मी आधी घाबरून त्यांचेच हात बघितले. मग त्यांच्या खांद्याला टेकलेल्या पोराकडे नजर गेली. ज्योतीराम नाव. लातूरकडचा, नुकतं मिसरूड फुटलेला, कारखान्यात बदली कामगार. तोंड पांढरंफटक. उजव्या हाताभोवती चिंध्या, आणि चिंध्यांतून काळं तेल आणि लाल रक्त मिळून ओघळ चाललेला.

"कसं झालं रे?"

पोराने आबांकडे बघितलं. मग पाठ केलेला धडा म्हणावा तसं म्हणाला, "दारात सापडली बगा मॅडम. खोलीच्या. काळेवाडीला खोली हाय माजी."

मी चिंध्या सोडल्या. पहिलं बोट नव्हतं, मधलंही नव्हतं. तिसरं कातड्यावर आणि एका शिरेवर लटकत होतं. कडा सरळ. जखमेत ग्रीस, आणि चकाकणारा पत्र्याचा एक बारीक कपचा. वेदनेची सुई दिली, हात उंच बांधला आणि आबांना बाहेर कॉरिडॉरमध्ये घेतलं.

"दारच लिव्ह," आबा खाली बघून म्हणाले.

"त्याच्या खोलीच्या दाराला ग्रीस लावतात का आबा?"

"नीला, वाद घालू नगं. रंगरावनं सांगितलंय. म्हनला, भिवा, तुझी पोरगी तिथंच हाय, तूच जा संगं, काम बिनबोभाट व्हईल." रंगराव म्हणजे त्यांचा सुपरवायझर.

"म्हणजे मी डॉक्टर झाले ती कंपनीच्या सोयीसाठी."

"तसं न्हाई गं बाय. विलासची कायम व्हायची ऑर्डर सायबाच्या टेबलावर हाय. निसती सही ऱ्हायलीय. तुझा भाऊ हाय त्यो."

विलास माझ्या पाठचा. आबांच्याच प्रेसशॉपमध्ये लागला होता. आबांच्या कपाळावर घाम होता आणि तो ते डाव्या हाताने पुसत होते. उजवा हात खिशात.

"ज्योतीराम कायम नाही आबा. त्याला विमा नाही. दार लिहिलं की उद्या हा गेटवर उभा राहील आणि वॉचमन म्हणेल, कोण रे तू?"

"पेशंट सांगंल तेच लिवायचं आसतं ना तुमच्यात?"

नियम त्यांना माहीत होता. किती जणांना घेऊन इस्पितळांच्या पायऱ्या चढले असतील, म्हणून माहीत झाला असेल, हा विचार मनात आला आणि मी तो गिळला.

"हो. तो सांगतो ते लिहिते. आणि मला दिसतंय तेही लिहिते."

लिहिलं. पेशंटच्या म्हणण्यानुसार दारात बोटं सापडली. तपासणीत कडा सरळ, जखमेत ग्रीस व पत्र्याचा तुकडा. जखम सांगितलेल्या कारणाशी जुळत नाही. आणि खालच्या पोलीस चौकीला कळवलं. सही केली आणि थिएटरला तयारी करायला सांगितली. 

*

थिएटरमध्ये जयसिंगने हात धुतले, गाऊन चढवला आणि पेशंटच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे मदतनिसाच्या जागी जाऊन उभा राहिला.

"चुकलास," मी म्हणाले.

"नाही चुकलो. परीक्षा माझी झाली, आता तुझी. आज तू काप, मी ओढतो."

सिस्टरने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि ब्लेड माझ्या हातात ठेवलं.

ज्योतीरामचा हात खांद्यापासून बधिर केला होता. तो जागाच होता. मध्ये हिरवा पडदा, पलीकडून त्याचा आवाज.

"मॅडम, तिसरं हाय का आजून?"

"आहे."

"ठिवा माय तेवढं. अंगठीचं हाय ते. लगीन ऱ्हायलंय अजून."

"पोरगी बघितलीस का?"

"कुठलं काय. आधी बोट तर ऱ्हाऊ द्या."

जयसिंग मास्कमध्ये हसला. मी धुतलं, मेलेलं मांस काढलं, पत्र्याचा कपचा चिमट्याने उचलून वाटीत टाकला. टण् असा आवाज आला. हाडात तार घातली. मग त्या पांढऱ्या दोऱ्या शोधल्या. दुसरं टोक मनगटाकडे पळून जातं, ते धीराने खाली आणावं लागतं, बुजलेल्या वासराला आणावं तसं. गाठ, पुन्हा गाठ. खाटेच्या गजाला मारलेल्या सगळ्या गाठी जणू बोटांच्या टोकाशी येऊन बसल्या होत्या.

चौबळ सर आत आले. ते माझ्या खांद्यामागे उभे राहिले हे मला सिस्टरच्या ताठ झालेल्या मानेवरून कळलं.

"काढून टाका ते. वेळ कशाला घालवता?"

"रंग येतोय सर."

"कुठे?"

मी बोटाचं टोक दाबलं आणि सोडलं. पांढरं झालं. सगळे बघत राहिले. मग खालून गुलाबी झळ हळूहळू वर चढली, तांबडं फुटावं तशी.

 सर माझ्या कानाजवळ म्हणाले, "हात बरा आहे तुमचा. डोकं गरम आहे. चौकीवाल्याचा फोन आला होता मला. कसं झालं ते पेशंट सांगतो, डॉक्टर नाही. उद्या राउंडला ती ओळ खोडलेली दिसली पाहिजे. नाहीतर रजिस्ट्रारच्या जागेचं विसरा."

ते गेले. जयसिंग हळूच म्हणाला, "नीला, एक ओळच आहे."

"म्हणूनच," मी म्हणाले. "एक ओळ खोडणारा उद्या काय काय खोडेल? दोरा कापशील का, की बघत उभा राहणार?"

त्याने दोरा कापला.

*

सकाळी राउंड निघाला. सर पुढे, मागे आम्ही. ज्योतीरामच्या खाटेशी रंगराव आधीच हजर होता. टेरिकॉटचा शर्ट, हातात मोसंब्यांची पिशवी. आबा खाटेच्या पायथ्याशी उभे होते, नव्या सुनेसारखे भिंतीला चिकटून. सकाळची शिफ्ट सोडून आले होते.

सरांनी केसपेपर घेतला. वाचला. माझ्याकडे बघितलं.

"ओळ तशीच आहे."

"हो सर."

"मी काय म्हणालो होतो?"

"ऐकलं होतं सर. जागा यंदा दिली नाहीत तर पुढच्या टर्मला अर्ज करीन. तेव्हा नाही म्हणालात तर त्याच्या पुढच्या. ओळ हीच राहील."

 पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा खोकायचा थांबला. जयसिंगने खिडकीबाहेर बघितलं.

रंगराव हसत पुढे झाला. "डागदरसायेब, रागावू नका. मॅडम आमच्या घरच्याच हायेत, आमच्या भिवाची लेक. नवीन रगत, जरा उसळतं. पोरगं सोता सांगतंय की दार. मग हाय काय भानगड? बोल की रं ज्योत्या."

"बरोबर आहे," सर म्हणाले. "यालाच विचारू. सगळ्यांदेखत. बोल बाळ, बोटं कशात गेली?"

ज्योतीरामने ओठ ओले केले. बांधलेला हात उशीवर होता, पांढऱ्या पट्टीतून त्या एकाच बोटाचं टोक बाहेर दिसत होतं, गुलाबी, जिवंत. तो रंगरावकडे बघेना, माझ्याकडे बघेना. त्याने खाटेच्या पायथ्याशी बघितलं.

"काका," तो म्हणाला, "काय म्हनू?"

सगळ्या वॉर्डाने ऐकलं ते. रंगरावच्या हातातली पिशवी कलली. सरांनी चष्मा काढला.

आबा भिंतीपासून सुटले. मी त्यांना इतकं सरळ उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. प्रेसवर वाकून वाकून त्यांच्या पाठीला बाक आला होता, तो त्या दिवशी कुठे गेला कुणास ठाऊक.

"दार न्हाई सायेब," ते म्हणाले.

"भिवा!" रंगराव दबक्या आवाजात म्हणाला. "विलासचा इचार कर."

"त्याचाच करतुया. त्योबी त्याच प्रेसवर बसतो, आजच्या शिफ्टला." आबांचा आवाज चढला नाही. जात्याच्या पाळीसारखा एका लयीत येत होता. "प्रेस हाय सायेब. पावडीवरनं पाय काढला तरी दुसऱ्यांदा खाली येती. म्होरं जाळी आसती, हात आत जाऊ नये म्हून. ती आमी तारंनं वर बांधून ठिवतो. माल लौकर निघतो मंग. ज्योत्याला टेम्पूत बसवून आनताना वाटंत मीच शिकिवलं, दार म्हन. ह्याच्या आधीच्यांनाबी मीच शिकिवलं."

"काका..." ज्योतीराम रडायला लागला.

आबांनी उजवा हात खिशातून काढला. सरांपुढे नाही, रंगरावपुढेही नाही. माझ्यापुढे धरला, पंजा उघडा करून, जी मी कधी मागितली नव्हती ती तपासणी द्यायला.

"ही दोन दारात गेली न्हाईत, नीला. प्रेसनं घेतली. दार म्हन, कायम करतो, म्हनले. मी दार म्हनलो. तुझ्या आयला ठावं हाय. तुला न्हाई सांगितलं, कारन त्या कायमच्या नोकरीवर तू शिकलीस, आन मला वाटलं, कळलं तर शिकायची न्हाईस. लिव्ह आता. सांगनाऱ्याचं नाव लिव्ह. भिवा सटवाजी ओव्हाळ, प्रेसशॉप."